ओसरीवरची माणसं : मळी, मोटार आणि धोरण



श्रीपुरात मोटारींवर बोलायचं तर आधी उसाकडे बघावं लागतं. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केलं, त्याचा कारखाना इथे उभा राहिला आणि या गावाचं नाव साखरेशी जोडलं गेलं. साखर निघाली की मागे मळी उरते, मळीपासून मद्यार्क होतो. हा मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळायचा का आणि किती, हे कोणी ठरवलं? आजचा आमचा विषय एवढाच.

'लॉबी' या शब्दाचा जुना अर्थ सभागृहाबाहेरचं दालन. आपल्याकडचा शब्द घ्यायचा तर ओसरी. निर्णय माजघरात होतो खरा, पण तिथे काय बोललं जाईल हे पुष्कळदा ओसरीवर बसलेला पाहुणा ठरवून जातो. ओसरीवर बसणं गुन्हा नव्हे. प्रश्न असतो तो तिथे कोणाला जागा मिळते आणि कोणाला नाही, हा.

आता इतिहास पाहू. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना नवी नाही. स्वतंत्र भारताने १९४८ सालीच 'पॉवर अल्कोहोल' कायदा केला. तो पुढे निष्प्रभ होत गेला आणि २००० साली रद्द झाला. गंमत बघा, लगेच २००१ साली आपल्याच मिरजेला आणि मनमाडला, तसंच उत्तर प्रदेशात बरेलीकडे, मिश्रणाचे प्रयोग सुरू झाले! २००३ पासून ९ राज्यांत आणि ४ केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के इथेनॉलचं धोरण आलं. त्या काळात साखरेचे साठे तुंबले होते आणि कारखान्यांना मळीसाठी गिऱ्हाईक हवं होतं. साखर संघ ओसरीवर होते, ते असे.

दुसरे पाहुणे मोटार उत्पादक. त्यांची संघटना सियाम. इंजिनातलं रबर, प्लास्टिक, धातू यांवर इथेनॉलचा काय परिणाम होतो हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून सरकारला त्यांना विचारावंच लागतं. ज्ञान ज्याच्याकडे, शब्द त्याचा. २०१८ च्या धोरणात २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० साठी होतं, ते पुढे २०२५ वर आणलं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी, तर दुचाकींचं ३ ते ४ टक्क्यांनी घटेल. इंजिनांत बदल केले तर ही घट कमी करता येईल, हे सियामचं म्हणणंही त्यात नोंदलेलं आहे. म्हणजे नव्या गाडीचा विचार झाला. जुनी गाडी दारात उभी आहे, त्या माणसाचं काय?

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजू नका. युरोपातल्या मोटार उत्पादकांच्या संघटनेने १९९८ साली युरोपीय आयोगाला शब्द दिला की २००८ पर्यंत नव्या गाड्यांचं कार्बन डायऑक्साइडचं सरासरी उत्सर्जन किलोमीटरला १४० ग्रॅमवर आणू. कायदा नको, आमच्यावर विश्वास ठेवा! उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. शेवटी २००९ साली कायदाच करावा लागला. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, तिथे एक नोंदवही सुरू झाली. ओसरीवर कोण येतं, कोणासाठी बोलतं, त्यावर किती खर्च करतं, हे त्यात लोकांना वाचता येतं. आपल्याकडे असा कायदा अजून नाही.

पण उद्योगाशी नातं असलेली प्रत्येक संस्था पक्षपातीच असते, असा निष्कर्ष काढायची घाई आम्ही करणार नाही. पुण्याची एआरएआय ही मोटार संशोधन संस्था १९६६ साली उद्योग आणि सरकार यांनी मिळून उभी केली. २०१५ मध्ये डिझेल गाड्यांच्या फसव्या चाचण्यांचं प्रकरण जगभर गाजलं तेव्हा भारतात तपासणी याच संस्थेने केली आणि डिसेंबरात फोक्सवॅगन समूहाने इथल्या ३ लाख २३ हजारांवर गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली. माप उघड असलं की मापणारा कोणाचा, हा प्रश्न निम्मा सुटतो.

आता मूळ मुद्दा. समजा, माळशिरस तालुक्यातला एक शेतकरी आहे. तो ऊस लावतो, दुचाकी चालवतो आणि उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट बघतो. माणूस एकच, हितं तीन. ऊसवाला म्हणून त्याच्यासाठी साखर संघ बोलतात. तरी ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने अचानक मनाई केली आणि आठवड्याभरात ती १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत सैल केली. तेव्हा आपला आवाज किती पोचतो हे त्यालाही कळलं. दुचाकीवाला म्हणून त्याच्यासाठी ओसरीवर कोणीच नाही. आणि पाणी? साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला २,८६० लिटर पाणी लागतं, असा अंदाज त्याच सरकारी अहवालात आहे. सोलापूर जिल्ह्यात हा आकडा मोठ्याने वाचायला हवा. पाण्याची कसली संघटना?

तत्त्वज्ञानात आम्ही आयुष्यभर शिकवलं की लोकहित म्हणजे सगळ्या हितांची बेरीज नव्हे. आज थोडं पुढे जाऊन म्हणतो, ज्या हितांना संघटना असते तेवढ्यांचीच बेरीज झाली, तर ती बेरीजसुद्धा चुकीची असते. इथेनॉल वाईट, असं आमचं म्हणणं नाही. परदेशातून येणारं तेल कमी लागलं, उसाचं बिल वेळेवर मिळालं, तर आम्हालाही आनंदच आहे. मागणी एवढीच, की ओसरीवर कोण आलं, काय म्हणालं याची वही असावी आणि ती गावच्या वाचनालयातही वाचता यावी.

प्रश्न असतील तर विचारा. पाणी आणि दुचाकी यांच्या वतीने आज तुम्हीच बोला.