कर घटवण्याच्या वचनाचा वर्ध्यातला हिशेब

कर कमी करू असे सांगून निवडून आलेला पक्ष सत्तेवर आल्यावर तिजोरीचे काय करतो, याचा सर्वांत शिकण्याजोगा दाखला वर्ध्याचा आहे. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या. शेतसारा निम्मा करा, मिठावरचा कर उठवा, दारूबंदी करा, या त्यांतल्या तीन. पण त्याच यादीत लष्करी खर्च आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार निम्म्यावर आणण्याची मागणीही होती. कर कमी करायचा तर कोणता खर्च कमी करायचा हे त्याच दमात सांगितले पाहिजे, ही शिस्त तिथे दिसते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनाने सारा आणि खंड घटवण्याचा शेतीविषयक कार्यक्रम मान्य केला. पुढच्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसला ११२ पैकी ७० जागा मिळाल्या, आणि मंत्रिपदे घ्यायची की नाहीत याचा निर्णय कार्यसमितीने जुलै १९३७ मध्ये वर्ध्यातच केला.

सत्ता हाती आली तेव्हा खरी अडचण उघड झाली. १९३५च्या भारत सरकार कायद्याने प्राप्तिकर, आयात-निर्यात जकात आणि मीठ केंद्राकडे ठेवले होते. प्रांतांच्या वाट्याला मुख्यतः शेतसारा, दारूची अबकारी आणि स्टँप एवढेच आले. म्हणजे मिठाचा कर उठवणे प्रांतिक मंत्र्यांच्या हातात नव्हतेच. तो उठायला १९४७ उजाडले. उरलेली दोन वचने पाळायची तर प्रांताच्या उत्पन्नाचे दोन मोठे झरे आटणार होते. त्यातही अबकारीच्या पैशावर शाळा चालत होत्या. बापाने गुत्त्यावर उडवलेल्या मजुरीतून मुलाला अक्षरओळख व्हावी, ही स्थिती गांधीजींना असह्य वाटली. सेगावहून, म्हणजे आजच्या सेवाग्रामहून, त्यांनी ‘हरिजन’मध्ये ती मांडली आणि शाळांनी हस्तोद्योगातून आपला खर्च काढावा असे सुचवले. ऑक्टोबर १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेकडे आपण नई तालीमचा, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षणाचा, उगम म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण ती परिषद म्हणजे सोडून दिलेल्या कराची तूट भरण्याचा गंभीर प्रयत्नही होती, हे आपल्या शिक्षणाच्या इतिहासात फार कमी सांगितले जाते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की दारूबंदी हा नैतिक प्रश्न आहे, त्याला करकपात म्हणू नये. परंतु अबकारी अखेर मजुराच्या रोजंदारीतूनच वसूल होई. तो बोजा उतरवणे हा नैतिक निर्णय होता तसा आर्थिकही होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुलांनी कातलेल्या सुतावर शाळा कशी चालणार? अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी स्वावलंबनाच्या कल्पनेला तेव्हाच विरोध केला. परिषदेनेही सावध भाषा वापरली: शिक्षकांचे वेतन या पद्धतीतून हळूहळू निघू लागेल, एवढीच अपेक्षा ठरावात आहे. पुढे बहुतेक सरकारी शाळांत ती पुरी झाली नाही, हे मान्यच करावे लागते. तरीही मला त्या प्रयत्नाचे मोल मोठे वाटते, कारण तूट लपवली गेली नाही. मतदाराला वचन आणि त्याची किंमत दोन्ही एकत्र दिसली.

इतर प्रांतांनी वेगळी वाट धरली. राजगोपालाचारींच्या सरकारने मद्रासमध्ये दारूबंदीची तूट भरायला १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आणला. मुंबई सरकारने त्याच कारणासाठी त्याच वर्षी शहरी मालमत्तेवर कर बसवला. खुद्द वर्धा ज्या मध्यप्रांतात होता तिथल्या सरकारनेही १९३८ मध्येच मोटारीच्या तेलावर आणि वंगणावर पाच टक्के विक्रीकर लावला होता. असा कर लावण्याचा अधिकार प्रांताला आहे का, हा प्रश्न नव्या फेडरल कोर्टाकडे अभिप्रायासाठी गेला. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या न्यायालयाने प्रांताच्या बाजूने कौल दिला आणि राज्यांच्या विक्रीकराचा पाया पक्का झाला. अबकारी पिणाऱ्याकडून घेतली जाई, विक्रीकर मात्र माल विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडून. एका हाताने उतरवलेला भार असा दुसऱ्या हाताने अधिक लोकांवर पसरला, आणि हे मात्र कुठल्याही जाहीरनाम्यात आधी सांगितलेले नव्हते. वर्धा जिल्ह्यात १९७४पासून दारूबंदी आहे. पेट्रोल मात्र अजून जीएसटीच्या बाहेर आहे, आणि त्यावरचा राज्याचा कर वर्ध्याच्या पंपावर आजही भरावा लागतो.