कापसाच्या शेतातील गाणे : ब्लूज

श्रोतेहो, अमेरिकेच्या मध्यातून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी मिसिसिपी नदी आपण शाळेच्या भूगोलात शिकलो आहोत. ही नदी आणि याझू नावाची तिची उपनदी यांच्यामध्ये काळ्याभोर, सखल जमिनीचा एक पट्टा आहे. तिकडे त्याला डेल्टा म्हणतात. कापसाला अशी जमीन मिळणे कठीण. आज जगभर जे पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत ऐकू येते त्याचे एक मोठे मूळ या पट्ट्यात आहे. त्या मूळ गाण्याचे नाव ब्लूज. मी या गाण्याचा जुना चाहता आहे. तेव्हा कौतुक थोडे जास्त झाले, तर सांभाळून घ्यावे. पण मुख्यतः सांगावयाचे आहे ते हे, की हे गाणे कोणी गायिले आणि का गायिले.

या कापसाचा आणि आपला संबंध जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळले. पुढे १८७५ साली पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यामागच्या कारणांत ही मंदीही होती. हा इतिहास आपण मुलांना शिकवतो. मग त्याच कापसाच्या पलीकडच्या टोकाला काय चालले होते?

तिकडे १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. माणूस सुटला, पण जमीन मालकाचीच राहिली. आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांचे वंशज आता अर्ध्या वाट्याने कापूस पिकवू लागले. आपण ज्याला बटाई म्हणतो तशातलाच हा प्रकार. वर्षभर मालकाच्याच दुकानातून पीठ-मीठ उधार घ्यायचे. हिशेबाची वही मालकाच्या हाती. सुगी झाली, कापूस तोलला, की बहुधा एकच उत्तर मिळे : यंदाही देणे तुझ्याच अंगावर निघते आहे. हिशेब विचारणे म्हणजे जिवाशी खेळ होता. जमावाने माणसाला झाडाला टांगावे आणि कोणालाच शिक्षा होऊ नये, असे ते दिवस होते. १८९० साली मिसिसिपी राज्याने नवी घटना करून कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्कही जवळजवळ काढून घेतला. ज्याचा शब्द वहीत नाही, कोर्टात नाही, मतपेटीतही नाही, त्याने तो कोठे ठेवावा? त्याने तो गाण्यात ठेवला.

आता हे गाणे असते कसे, ते पाहू. आपल्या बाया जात्यावर ओवी गात असत, तशी त्या शेतांतही कामाची गाणी होती. एकट्या माणसाने लांबवर सोडलेली आरोळी होती. त्यातून ब्लूज घडले. त्याचा बांधा अगदी साधा. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. ओळ संपली, की राहिलेली जागा गिटार भरून काढते. जणू समोर बसलेला सोबती हुंकार देतो आहे. सूर लावण्याची तऱ्हाही ध्यानात घेण्याजोगी आहे. गांधार आणि निषाद हे सूर ना पुरते शुद्ध, ना पुरते कोमल. दोहोंच्या मध्ये कोठेतरी ते हेलकावतात. पुष्कळ वादक बाटलीचा गळा बोटात घालून किंवा सुरी धरून तारेवरून घसरवीत नेतात. मींड ज्याला ठाऊक आहे, त्याला यातली गोडी सांगावी लागत नाही. गिटार घ्यायला पैसे नसले, तर पोरे घराच्या भिंतीवर खिळे मारून एकच तार ताणीत आणि तीच वाजवीत.

१९०३ च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी हे बँडमास्तर टटवायलर नावाच्या लहानशा स्टेशनावर गाडीची वाट पाहत होते. तेथे एक फाटक्या कपड्यांचा माणूस गिटारच्या तारांवर सुरी फिरवीत गात होता. असले संगीत हँडींनी कधी ऐकले नव्हते. पुढे १९१२ साली त्यांनी ‘मेम्फिस ब्लूज’ छापून प्रसिद्ध केले आणि स्वतः नावारूपाला आले. स्टेशनावरच्या त्या माणसाचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

याच मुलखात डॉकरी नावाचा कापसाचा मोठा मळा होता. तेथे चार्ली पॅटन हा गायक राहत असे. १९२७ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीचा बांध फुटला आणि डेल्टा पाण्याखाली गेला. ग्रीनव्हिल गावात गोऱ्यांना बोटींतून हलविण्यात आले आणि हजारो कृष्णवर्णीय मजुरांना बांधावरच्या छावण्यांत पहाऱ्याखाली ठेवून राबविण्यात आले. दोन वर्षांनी पॅटनने या पुराचे गाणे तबकडीवर गायिले. त्यात नुसते पाणी नाही; उंचावरच्या सुरक्षित प्रदेशाची वाट आपल्याला बंद होती, हेही तो सांगून जातो. मालकाच्या वहीत न येणारी नोंद अशी गाण्यात आली.

तबकड्यांच्या जगात हे गाणे प्रथम नेले ते स्त्रियांनी. १९२० साली मॅमी स्मिथ हिची तबकडी निघाली. १९२३ पासून बेसी स्मिथ हिच्या तबकड्या निघू लागल्या आणि लाखांनी खपल्या. आवाज असा, की ध्वनिक्षेपकाची गरज भासू नये. तिला ठरावीक रक्कम मिळे. विक्रीतला वाटा मिळत नसे. म्हणजे येथेही वही दुसऱ्याच्याच हाती! १९३७ साली ती मोटार-अपघातात वारली आणि १९७० पर्यंत तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता.

रॉबर्ट जॉन्सन हा तरुण १९३८ साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. मागे उरली एकोणतीस गाणी. त्याने चव्हाट्यावर सैतानाला आत्मा विकून कला मिळविली, अशी दंतकथा आहे. शिक्षक बंधुभगिनींनो, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. पण सन हाउससारख्या जाणत्या वादकांच्या पायाशी बसून, ऐकून आणि घासून त्याने ती कला मिळविली, हेही सांगा. गरिबाच्या मेहनतीपेक्षा सैतानावर विश्वास ठेवणे लोकांना सोपे जाते.

नभोवाणीचाही या इतिहासात वाटा आहे. १९४१ साली आर्कान्सा राज्यातील हेलेना येथील केंद्रावरून पिठाच्या एका व्यापाऱ्याच्या खर्चाने दुपारचा ब्लूजचा कार्यक्रम सुरू झाला. सनी बॉय विल्यमसन तेथे तोंडाने वाजवायची बाजाची पेटी, म्हणजे हार्मोनिका वाजवीत. शेतमजूर भाकरतुकड्याच्या सुटीत तो ऐकत. त्या श्रोत्यांत एक ट्रॅक्टर हाकणारा पोरगा होता. तोच पुढे बी. बी. किंग म्हणून जगभर गाजला आणि २०१५ साली निवर्तला.

त्याच १९४१ साली लोकगीते गोळा करणारे ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क स्टोव्हल मळ्यावर आले. त्यांनी तेथल्या मडी वॉटर्स या मजुराचे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि त्याला ते ऐकविले. आपला आवाज यंत्रातून ऐकून त्याला स्वतःच्या गुणाची खात्री पटली. १९४३ साली तो शिकागोला गेला. लाखो लोक तसेच उत्तरेकडे चालले होते. आणि कापूस वेचणारी यंत्रे आल्यावर मागे राहिलेल्यांचेही काम गेले. शहराच्या गलबल्यात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून मडीने विजेची गिटार घेतली. त्याच्या गाण्यावर लुब्ध झालेल्या इंग्लंडमधल्या पोरांनी १९६२ साली त्याच्याच एका गाण्यावरून आपल्या वाद्यवृंदाला ‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव दिले. तरुणांचे रॉक संगीत असे या झाडाला फुटलेले आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून पुरे करतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात सोडली. त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या आहेत. त्यांत आपल्या गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आणि टेक्सासचा आंधळा गायक ब्लाइंड विली जॉन्सन याचे गाणेही आहे. तो देवाची गाणी गाई, पण तारेवरचा हात ब्लूजचा. या गाण्यात शब्द नाहीत, नुसते गुणगुणणे आहे. तो १९४५ साली अत्यंत दारिद्र्यात मेला.

सवड मिळेल तेव्हा या लोकांना ऐका. भाषा कळली नाही, तरी बिचकू नका. आणि शिक्षकांनो, नकाशावर कापसाचा प्रदेश दाखविताना मुलांना एवढे अवश्य सांगा, की तेथे पिकलेल्या कापसाच्या गाठी केव्हाच सुताला लागून संपल्या. वेचणाऱ्यांचे गाणे अजून ऐकू येते. त्यांची नावे आपण घेतली पाहिजेत, कारण ते देणे अजून फिटलेले नाही.