उखाण्याचे माहेर

वर्धापनदिनी दोन गट पाडून कोड्यांची स्पर्धा घ्यावी, असे मंडळाच्या बैठकीत ठरले तेव्हा 'हे नवे खूळ कशाला?' असे एक-दोघींनी विचारले. कोडी घालणे हे खूळ असेलही; पण ते नवे मात्र खचित नाही. म्हणून त्याचा थोडा इतिहास भगिनींपुढे ठेवीत आहे.

वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत गायन, वादन आणि पाकक्रिया यांच्याच पंगतीला 'प्रहेलिका', म्हणजे कोडी, बसलेली आहेत. शेजारी 'प्रतिमाला' आहे; तिलाच आपण भेंड्या म्हणतो. महाभारताच्या वनपर्वात यक्षाने धर्मराजाला प्रश्न घातले आणि चार भावांचे प्राण त्या उत्तरांवर टांगलेले होते. केवळ करमणुकीची गोष्ट असती तर व्यासांनी तिला एवढे महत्त्व दिले नसते.

गटागटाने कोडी सोडविण्याची आपल्या महाराष्ट्रातील ठळक परंपरा म्हणजे शाहिरांचा कलगी-तुरा. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. एका फडाने डफावर थाप मारून पुराणातला एखादा गूढ प्रश्न कवनात गुंफून टाकायचा आणि दुसऱ्या फडाने त्याचे उत्तर कवनातच द्यायचे. अशा कूट रचनेला 'भेदिक' म्हणतात. एका शाहिराची स्मृती अडली की साथीदारांनी सावरायचे. अशा सामन्यांत रात्र सरत असे. कोकणात ही परंपरा 'शक्ती-तुरा' या नावाने आजही चालू आहे.

फडावर पुरुष होते, तसा आपला फड घरात होता. भोंडल्याची गाणी संपल्यावर झाकलेल्या डब्यातली खिरापत 'गोड की तिखट?', 'तळलेली की भाजलेली?' असे विचारीत ओळखायची, ही सवालजवाबाचीच रीत नव्हे काय? आणि उखाणा तर आपल्या जिभेवरच आहे.

उखाणा म्हटले की आज आपल्याला यजमानांचे नाव घेणे तेवढे आठवते. परंतु जुन्या मराठीत उखाणा म्हणजे कोडेच. याचा पुरावा शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली, तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा बराचसा भाग गुजरातेत गेला आणि तलासरी इकडे राहिली. आज आपण २०१४ साली झालेल्या पालघर जिल्ह्यात आहोत. ती सीमा ओलांडली की गुजरातीत 'उखाणुं' हा शब्द भेटतो आणि त्याचा अर्थ कोडे असाच आहे. आपल्याकडून निघून गेलेला अर्थ शेजारणीने जपून ठेवला आहे! पतीचे नाव उघड उच्चारायचे नाही, अशी रूढी होती. तेव्हा ते यमकात लपवून सांगायचे. लपवणे आणि उकलणे हा कोड्याचा गुणच नाव घेण्यात उतरला असावा, असे मला वाटते.

आता स्पर्धेविषयी. प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकांतून काढले तर शिकलेल्या चौघीजणी उत्तरे देतील आणि पाड्यांवरून येणाऱ्या आपल्या भगिनी टाळ्या वाजवायला उरतील. हे बरे नव्हे. वारली लग्नात विधींची गाणी गाणारी धवलेरी पुस्तक उघडीत नाही. सारे तिला मुखोद्गत असते. वारली बोली तोंडातोंडीच जगत आली. म्हणून तिच्यातील कोडी विचारणारे कोणी उरले नाही, तर ती कागदावरही सापडणार नाहीत.

याच तालुक्यात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडला नेले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष दिला नाही. अंगणवाडी पाड्यावर नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. जिथे मूल तिथे शाळा. तोच न्याय आपण लावू या: जिथे ज्ञान आहे तिथे प्रश्न जावा.

नमुन्यादाखल मी रचलेली दोन कोडी देते. 'पोट भोपळ्याचे, बोटे बांबूची, तोंड ताडाच्या पानाचे. फुंकतो एक आणि नाचतो सारा पाडा.' दुसरे अक्षरांचे: 'चार अक्षरांचे माझे नाव. शेवटची दोन गळ्यात शोभतात नि शेतातही ओढतात. पहिले आणि शेवटचे जोडाल तर रश्श्यावर तरंगते.' पहिल्याचे उत्तर तारपा. ते पाड्यावरची बाई आधी सांगेल. दुसऱ्याला अक्षरओळख हवी. त्याचे उत्तर या लेखातच येऊन गेले आहे, शोधून पाहावे.

तेव्हा प्रत्येक गटात दोन्ही प्रकारच्या भगिनी असाव्यात आणि प्रत्येक गटाने आपल्या घरातील वा पाड्यावरील वडीलधाऱ्या बाईकडून निदान एक जुने कोडे विचारून आणावे, अशी माझी सूचना आहे. ती कोडी एका वहीत सांगणारीच्या बोलीत, जशीच्या तशी उतरवून ठेवू. बक्षीस कोणत्याही गटाला मिळो. वही मात्र मंडळाच्या कपाटात राहील.