भोंवरी आणि तिचें मूळ

भोंवरीसारख्या क्षुल्लक दुखण्याला कसला आला आहे इतिहास, असें आपणांस वाटेल. परंतु सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांमध्यें ती 'कदर' या नांवानें आली आहे. पायाखालीं खडा रुतल्यानें अगर कांटा लागल्यानें बोराएवढी, खिळ्यासारखी कठीण गांठ होते, असें तेथें वर्णन आहे. उपाय मात्र जहाल : शस्त्रानें गांठ काढावी व जागा तप्त तेलानें डागावी! पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस यानें वापरलेल्या लॅटिन नांवाचाही अर्थ खिळा असाच आहे. पण तो ती अधूनमधून खरवडण्यावरच समाधान मानतो.

खिळा म्हटला कीं मूळ आलें, आणि मूळ आलें कीं तें उपटण्याचा मोह आला. लंडनच्या रस्त्यांतून भोंवऱ्या कापणारे आरोळ्या देत हिंडत, ते याच समजुतीवर. वस्तुतः भोंवरीस मूळ नसतेंच. सतत दाब पडल्यानें मेलेली कातडी आंत टोंक करून घट्ट होते, इतकेंच. दाब राहिला तर कापलेली भोंवरी पुन्हां येणारच. म्हणून १७८१ सालीं पेत्रुस कांपर या डच शरीरशास्त्रज्ञानें उत्तम जोड्याच्या आकारावर निबंध लिहिला, तो मला शस्त्रवैद्यांच्या कौशल्याहून मोलाचा वाटतो.

१८७४ नंतर जर्मनींत सॅलिसिलिक आम्ल कारखान्यांत होऊं लागलें. त्याच्या पट्ट्या आजही दुकानांत मिळतात. कठीण कातडी त्यानें मऊ होते खरी, पण शेजारची जिवंत कातडीही पोळते.

पायाची लहानशी जखम काय करूं शकते? १९२४ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालतां टेनिस खेळला. बोटाला फोड आला, विष रक्तांत भिनलें आणि ७ जुलै रोजीं तो गेला. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर चार वर्षांनीं लागला. आज औषधें आहेत. तरी दाढीच्या पात्यानें घरीं भोंवरी कापणें हें अविचाराचेंच. कोमट पाण्यांत पाय भिजवून वज्रीनें हळूहळू घासावें, आणि बोटांना मोकळीक देणारा जोडा घ्यावा. मधुमेह्यानें मात्र पातें, पट्टी यांपैकीं कशाच्याही वाटेस न जातां थेट डॉक्टरांकडे जावें. त्याच्या पायाची संवेदना बोथटलेली असते, आणि जखम झाल्याचें त्यास कित्येकदां कळतही नाहीं.