उतरत्या रंगाची हकीकत
केसांचा रंग उतरविण्याच्या विद्येचा पूर्वेतिहास पाहू जाता असे दिसते की, 1818 साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार यांनी शोधलेले हायड्रोजन पेरॉक्साइड 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात केस उजळविण्यासाठी मांडले गेले आणि त्यानंतर या मुलखात त्याचाच अंमल बसला. परंतु तो अंमल कठोर होता, कारण नैसर्गिक कृष्णद्रव्यासमवेत केसांतील प्रथिनांनाही त्याने इजा पोहोचते. पुढे 1977 साली न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसवर टिश व स्नूकी बेलोमो या भगिनींनी ‘मॅनिक पॅनिक’ हे दुकान उघडले, आणि पंक तरुणांच्या मस्तकांवर हिरवे, जांभळे, किरमिजी रंग झळकू लागले.

या रंगांची जात निराळी. ते केसांत रासायनिक क्रियेने घडत नाहीत, तयार रंगकण म्हणूनच बहुतांशी बाह्य स्तरांत वस्ती करतात आणि धुण्यागणिक थोडथोडे निघून जातात. ते उठून दिसावेत म्हणून गडद केस आधीच पेरॉक्साइडने फिके केलेले असतात; अशा दुबळ्या केसांवर, हे रंग उतरविण्यासाठी म्हणून, पुन्हा तीच जबरी करणे मला अन्यायाचे वाटते. कोमट पाणी, मळ नीट काढणारा शाम्पू, मागाहून कंडिशनर आणि काही आठवड्यांचा धीर एवढी तजवीज घरच्या घरी पुरते. निळा-हिरवा मात्र हट्टी, त्याची फिकट छटा पुष्कळदा मागे राहते, आणि तेवढा भाग केस वाढतील तसा कापून टाकणे इष्ट.