परळीच्या पाळण्यातली नावे

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ असे म्हणून आपल्या पूर्वजांनी नावाची थट्टा केली आहे खरी. पण घरात पाळणा हलला की तेच पूर्वज पंचांग उघडून बसत. बाराव्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचे आणि त्याबद्दल पाठीत धपाटे खायचे, हा सोहळा कोणत्या मराठी घराने पाहिलेला नाही? त्या कुजबुजीत घराची श्रद्धा असते, भय असते आणि इच्छाही असते. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ या क्षेत्राच्या आसपासची नावे पाहू लागलो, तर या तिन्हींचा इतिहास हाती लागतो.

आधी श्रद्धेचा. ‘वैजनाथ’ हे नाव मराठवाड्यात चांगलेच परिचयाचे. त्याचे मूळ ‘वैद्यनाथ’, म्हणजे वैद्यांचा स्वामी. संस्कृतातील ‘द्य’चा प्राकृतात ‘ज्ज’ झाला आणि मराठीत नुसता ‘ज’ उरला. ‘अद्य’चे ‘आज’ झाले, ‘विद्युत्’ची ‘वीज’ झाली, त्याच वाटेने वैद्यनाथाचा वैजनाथ झाला. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी देवांनी या लिंगात लपविले, अशी परळीची कथा आहे. देवी आणि पटकीच्या साथी घरेच्या घरे रिकामी करीत होत्या, त्या काळी मुलाचे नाव वैजनाथ ठेवणाऱ्या आईच्या मनात काय असेल, हे निराळे सांगायला नको.

शेजारच्या अंबाजोगाईच्या योगेश्वरीचे लग्न या वैजनाथाशीच ठरले होते, पण मुहूर्त टळला आणि देवी कुमारिकाच राहिली, असे लोक सांगतात. लग्न राहिले ते राहिलेच. पण लेकाला वैजनाथ आणि लेकीला योगेश्वरी म्हणण्याचे लोकांनी काही सोडले नाही.

याहून गंमत ‘मन्मथ’ या नावाची. मन्मथ म्हणजे मदन. शंकराने तिसरा डोळा उघडून ज्याला भस्म केले तो! पण बीड जिल्ह्यातच कपिलधार येथे वीरशैव संत मन्मथस्वामींची समाधी आहे, आणि त्यांच्यामुळे हे नाव शिवभक्तांच्याच घरात सुखाने नांदते. नावाचा अर्थ कोशात एक असतो, गावात दुसरा. कधी कधी मात्र दोन निराळ्या भाषांत तो एकच असतो. ‘अब्दुल रहमान’ म्हणजे परम दयाळू ईश्वराचा सेवक. शेजारचा शिवदास तरी दुसरे काय सांगतो?

आता भयाकडे वळू. दगडू, केरबा, उकिरडा, भिकाजी ही नावे आज कानाला टोचतात. आधीची मुले दगावली की पुढच्या मुलाला मुद्दाम हलके नाव देत. दगडाला, केराला काळ कशाला हात लावील, असा तो भाबडा हिशेब. नाव ओबडधोबड, पण पोटात माया.

प्रत्येक हलक्या नावामागे माया होतीच, असे मात्र नाही. शूद्राचे नाव निंदादर्शक असावे, असे मनुस्मृतीने सांगून ठेवले आहे. नाव उच्चारताच पायरी कळावी, ही त्यामागची योजना. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर मराठवाड्यातल्याही वस्त्यांतून सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा अशा हाका ऐकू येऊ लागल्या. आपल्या लेकराचे नाव आपण निवडावे, हे केवढे स्वातंत्र्य आहे, हे ज्यांना ते नव्हते त्यांनाच ठाऊक.

उरली इच्छा. मुलीवर मुली झाल्या की एखादीचे नाव ‘नकुशा’ ठेवण्याची रीत आपल्या मुलुखात होती. दगडूचे नाव त्याला जगविण्यासाठी होते. नकुशाचे नाव तिच्या पाठीवर आणखी मुलगी येऊ नये म्हणून. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. पण त्याच वर्षीच्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली भरल्या अवघ्या ८०७, राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. पुढच्याच वर्षी, २०१२ साली, खुद्द परळीत गर्भलिंगनिदान आणि गर्भपातांचे प्रकरण उजेडात आले. नकुशाला निदान हाक मारायला नाव तरी होते. या लेकींना तेवढेही मिळाले नाही. ज्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी, एका लेकीने, केला, त्याच मंदिराच्या गावात हे घडावे!

काळ बदलतो आहे. आजोबा वैजनाथ असतील, तर नातू शिवांश असतो; म्हणजे शिवाचा अंश. देव तोच, वेष नवा. राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत आधी आईचे नाव येते, मग वडिलांचे. पाळण्याची दोरी जिच्या हाती, तिचे नाव कागदावर यायला इतका काळ लागला!

भाऊबीज येईल. आपल्या शिवांशला ओवाळायला पाटासमोर कोणी तरी उभी असायला हवी. तिच्यासाठी सुंदरसे नाव आताच शोधून ठेवावे.