हेराच्या मनगटावरचं घड्याळ

१९५२ साली फ्रान्सच्या गुप्तहेर खात्यातले दोन अधिकारी घड्याळाच्या शोधात होते. एक रोबेर मालुबिए, दुसरा क्लोद रिफो. पाण्याखालून जाऊन शत्रूच्या जहाजांचा घात करणाऱ्या पाणबुड्यांचं पथक उभं करायचं काम त्यांच्याकडे होतं. गणवेश मिळाला, प्राणवायूच्या नळ्या मिळाल्या, होकायंत्रं मिळाली. घड्याळ मात्र मिळेना. बाजारातली घड्याळं लहान तबकडीची होती. गढूळ पाण्यात त्यांचे काटे दिसत नसत आणि थोडं खोल गेलं की आत पाणी शिरे. शेवटी दोघांनी हवं तसं घड्याळ कागदावर स्वतःच काढलं. काळी तबकडी, मोठे ठळक आकडे, अंधारात चमकणारं रेडियम आणि तबकडीभोवती बोटांनी फिरवता येईल असं कडं.

लिप या फ्रेंच कंपनीने ते नाकारलं. असल्या घड्याळाला भवितव्य नाही, असं तिथल्या प्रमुखाचं मत पडलं. मग तो कागद स्वित्झर्लंडमधल्या व्हिलरे गावी, ब्लांपां या जुन्या कारखान्यात पोचला. तिथले प्रमुख झाँ-झाक फिश्तर स्वतः हौशी पाणबुडे होते. एकदा समुद्राखाली त्यांचं वेळेचं भान सुटलं होतं आणि टाकीतली हवा संपत आल्यावर ते कसेबसे वर आले होते. त्यामुळे या घड्याळाची गरज त्यांना समजावून सांगावी लागली नाही. १९५३ साली घड्याळ तयार झालं. नाव ठेवलं ‘फिफ्टी फॅदम्स’. फॅदम म्हणजे आपल्या कोळ्यांचा वाव. पन्नास वाव, सुमारे ९१ मीटर. पाणबुड्याने त्याहून खोल जाऊ नये, असा तेव्हाचा समज होता.

मालुबिए हा काही कचेरीत बसून नकाशे पाहणारा अधिकारी नव्हता. दुसऱ्या महायुद्धात तो एसओई या ब्रिटिश गुप्त संघटनेचा हस्तक होता. रात्री विमानातून छत्रीने नाझीव्याप्त फ्रान्समध्ये उतरणं, कारखाने उडवणं, पूल उडवणं हे त्याचं काम होतं. जून १९४४ मध्ये तो ज्या तुकडीबरोबर उतरला, तिच्यात व्हायलेट झाबो होती. तिला पुढे जर्मनांनी पकडून छळछावणीत ठार केलं. आज जगभर ज्याला ‘डायव्हर्स वॉच’ म्हणतात, त्याचं रूप ठरवणाऱ्या मोजक्या माणसांत हा खराखुरा हेर होता.

हे सुरुवातीलाच सांगण्याचं कारण आहे. हेरपटातलं महागडं स्विस घड्याळ म्हटलं की आपण ती एका कंपनीची जाहिरात समजतो. जाहिरात आहेच, पण ती या गोष्टीच्या अगदी शेवटच्या प्रकरणात येते. आधी गरज होती, मग हत्यार झालं, मग कादंबरी आली, मग चित्रपट, आणि सर्वांत शेवटी दुकानातली काच. हा क्रम उलटा वाचला की त्या घड्याळाचं मोल कळत नाही.

ते कडं कशाला, हे आधी पाहू. पाणबुड्याच्या टाकीत हवा मोजकी असते. पाण्यात शिरताना तो कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणतो. नंतर हिशेब करायचा नाही, आठवायचं नाही. काटा कड्यावरच्या ज्या आकड्यावर असेल, तितकी मिनिटं गेली. पुढे हे कडं एकाच दिशेने फिरेल असं करण्यात आलं. चुकून धक्का लागला, तर ते गेलेला वेळ जास्तच दाखवील, कमी कधीच दाखवणार नाही. पाणबुडा फार तर लवकर वर येईल. हवा संपून खाली राहणार नाही. एका दातेरी चकतीत इतकी काळजी भरलेली आहे.

पाणबुड्याच्या घड्याळाची मुळं आणखी मागे जातात. १९३०च्या दशकात इटलीच्या नौदलाने पाण्याखालून हल्ला करणारे सैनिक तयार केले. फ्लॉरेन्सच्या पानेराईने त्यांच्यासाठी अंधारात चमकणारी मोठी घड्याळं बनवली. त्यांची पेटी आणि आतलं यंत्र रोलेक्सने पुरवलेलं होतं. १९ डिसेंबर १९४१च्या पहाटे या पथकाचे सहा जण तीन मानवचालित टॉर्पेडोंवर स्वार होऊन अलेक्झांड्रियाच्या बंदरात शिरले आणि त्यांनी दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. जिब्राल्टरला अशाच हल्ल्यांना तोंड देत जहाजांच्या तळांना चिकटवलेले सुरुंग काढायचं काम लायनेल क्रॅब हा ब्रिटिश पाणबुडा करत होता. एप्रिल १९५६ मध्ये पोर्ट्समथ बंदरात आलेल्या एका सोव्हिएत युद्धनौकेचा तळ चोरून तपासायला तो पाण्यात उतरला, तो परतलाच नाही.

याच महायुद्धात लंडनला ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात प्रमुखाचा साहाय्यक म्हणून एक माणूस काम करत होता. त्याचं नाव इयन फ्लेमिंग. पुढे त्याने जेम्स बाँड निर्माण केला. १९५४च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’ कादंबरीत बाँड जमैकाच्या समुद्रात पोहत जाऊन खलनायकाच्या बोटीला सुरुंग चिकटवतो, तेव्हा तो त्या इटालियन पाणबुड्यांचीच विद्या वापरत असतो. ‘थंडरबॉल’मध्ये तो बोटीचा तळ तपासायला जातो, तेव्हा क्रॅबची आठवण आल्यावाचून राहत नाही.

आता रोलेक्सकडे वळू, कारण फ्लेमिंगने बाँडच्या हातात तेच दिलं. हान्स विल्सडॉर्फ या जर्मन माणसाने ही कंपनी १९०५ साली लंडनला सुरू केली आणि पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हाला नेली. १९२६ साली त्याने ‘ऑयस्टर’ आणलं. मागचं झाकण, काचेभोवतीचं कडं आणि चावी, तिन्ही पिळून घट्ट बसवायची, म्हणजे पाणी आत जात नाही. पण लोकांचा विश्वास कसा बसायचा? पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइत्स ही इंग्लिश तरुणी इंग्लिश खाडी पोहून गेली. तिच्या दाव्याबद्दल वाद झाला, म्हणून दोनच आठवड्यांनी ती पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी तिच्याजवळ ऑयस्टर होतं. थंडीने तिला मध्येच बाहेर काढावं लागलं. घड्याळ मात्र दहा तासांहून जास्त वेळ बर्फगार पाण्यात राहूनही चालू होतं. नोव्हेंबर १९२७ मध्ये ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर विल्सडॉर्फने तिच्या नावानिशी पानभर जाहिरात दिली. घड्याळाला माणसाच्या साहसाची गोष्ट जोडायची, ही युक्ती बाँड जन्माला येण्याच्या पाव शतक आधीची आहे. १९५३ साली, म्हणजे ‘फिफ्टी फॅदम्स’ आलं त्याच वर्षी, रोलेक्सने ‘सबमरिनर’ तयार केलं.

५ ऑक्टोबर १९६२ रोजी लंडनला ‘डॉ. नो’ हा बाँडपट पहिल्यांदा दाखवला गेला. बाँड झालेल्या शॉन कॉनरीच्या मनगटावर साधं पोलादी सबमरिनर होतं, चामड्याच्या पट्ट्याचं. त्यात लेसर नाही, चुंबक नाही, काही नाही. ते फक्त वेळ दाखवतं. माझ्या मते बाँडचं सगळ्यांत सुंदर घड्याळ हेच. ‘गोल्डफिंगर’मध्ये तो अंधारात लायटर पेटवून ते पाहतो. पांढऱ्या डिनर जॅकेटच्या बाहीखालून पाणबुड्याचं जाडजूड घड्याळ दिसतं आणि त्याला चक्क कापडी पट्टा, तोही घड्याळाच्या खाचेपेक्षा अरुंद. कुठल्याही कंपनीच्या जाहिरातवाल्याने हे चालू दिलं नसतं. पण कामाचा माणूस असाच असतो. तो मेजवानीला जाताना घड्याळ बदलत नाही. आज लोक हौसेने कापडी पट्टे विकत घेतात, त्यात या क्षणाचाही वाटा आहे.

फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांतही घड्याळ अजून हत्यारच होतं. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये बाँड रोलेक्स बोटांच्या पेरांवर चढवून त्याने पहारेकऱ्यावर वार करतो. घड्याळ त्यात फुटतं.

१९६५च्या ‘थंडरबॉल’पासून वाट बदलली. चोरीला गेलेले अणुबॉम्ब शोधण्यासाठी बाँडला किरणोत्सर्ग मोजणारं घड्याळ दिलं जातं. मूळचं ते ब्राइटलिंगचं ‘टॉप टाइम’, बाहेरची पेटी चित्रपटासाठी बनवलेली. चित्रीकरणानंतर ते हरवलं. कित्येक वर्षांनी इंग्लंडमध्ये जुन्या वस्तूंच्या उघड्या बाजारात कुणीतरी ते २५ पौंडांना उचललं आणि २०१३ साली क्रिस्टीजच्या लिलावात त्याला १,०३,८७५ पौंड मिळाले.

आणि मग आलं १९७३. ‘लिव्ह अँड लेट डाय’ चित्रपटाच्या सुरुवातीला बाँड झालेला रॉजर मूर बटण दाबतो आणि काळ्या काचेत लाल आकडे उजळतात. ते पल्सर होतं, अमेरिकन. त्याच चित्रपटात पुढे त्याच्याकडे चुंबकाचं आणि करवतीसारखं फिरणाऱ्या कड्याचं रोलेक्स येतं. पण प्रेक्षकाच्या मनात ठसले ते लाल आकडे. १९७७ ते १९८५ या काळात तर बाँडच्या हातात जपानी सैको आलं. एकातून छापलेल्या निरोपाची पट्टी निघते, एकाच्या पडद्यावर चित्र दिसतं. ‘ऑक्टोपसी’ हा १९८३चा चित्रपट; उदयपूरच्या राजवाड्यांत चित्रित झालेला, कबीर बेदी आणि विजय अमृतराज यांच्या भूमिका असलेला. तिथेही बाँड सैकोच पाहतो. आपल्याकडे तेव्हा परदेशी घड्याळांच्या आयातीवर बंधनं होती. घरोघरी एचएमटी होतं, आणि परदेशी घड्याळ म्हणजे बहुतेक वेळा चोरट्या वाटेने किनाऱ्याला लागलेला माल.

पडद्यावरच्या या बदलामागे खरी पडझड होती. २५ डिसेंबर १९६९ रोजी सैकोने टोकियोत पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरी आणि स्फटिकावर चालणारं, मनगटी घड्याळ विक्रीला ठेवलं. दुःखाची गोष्ट अशी की क्वार्ट्झच्या मनगटी घड्याळाचा नमुना स्विस संशोधकांनीही न्यूशातेलच्या प्रयोगशाळेत १९६७ सालीच चालवून दाखवला होता. पण चाक, कमान आणि तेल यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या गावांना त्याचं महत्त्व वेळेवर कळलं नाही. १९७० साली स्विस घड्याळधंद्यात सुमारे ९०,००० माणसं होती; १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती सुमारे एक तृतीयांश उरली. भिंगातून सुईच्या टोकाएवढे स्क्रू बसवणारे हात रिकामे झाले. १८८६ साली सुरू झालेली ‘वेस्ट एंड’सारखी स्विस घड्याळं आपल्या आजोबांच्या पिढीने वापरली, ती ज्यांच्या हातून घडली, त्या लोकांची ही गोष्ट आहे. बाँडच्या मनगटावर सैको होतं ते दिग्दर्शकाच्या आवडीमुळे नव्हे. त्या काळी भविष्य जपानमध्ये तयार होत होतं.

स्विस घड्याळाने बाँडच्या मनगटावर पुन्हा पक्की जागा मिळवली ती १९९५ साली, ‘गोल्डनआय’मध्ये. या वेळी ते ओमेगा होतं. वेशभूषाकार लिंडी हेमिंग यांचं म्हणणं असं की बाँड हा नौदलातला कमांडर, तर त्याच्या हातात निळ्या तबकडीचं ‘सीमास्टर’च शोभेल. ते खरंही आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश नौदलाने आपल्या पाणबुड्यांना सीमास्टर दिलेलं होतं. दुसऱ्या बाजूला ओमेगात झाँ-क्लोद बिव्हेर होते. बुडता धंदा सावरायचा तर घड्याळ वेळेसाठी विकून चालणार नाही, ते कथेसाठी विकलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. वेळ तर दहा रुपयांचं यंत्रही अचूक दाखवू लागलं होतं. ‘गोल्डनआय’मधलं ते ओमेगासुद्धा क्वार्ट्झच होतं, १९९७च्या पुढच्या चित्रपटात त्याच्या जागी कमानीवर चालणारं ऑटोमॅटिक आलं.

२००६च्या ‘कॅसिनो रॉयाल’मध्ये आगगाडीत समोर बसलेली नायिका व्हेस्पर बाँडच्या घड्याळाचं नाव ओळखू पाहते, चुकते, आणि तो तिला ओमेगाचं नाव सांगतो. कॉनरीच्या बाँडने कधी घड्याळाचं नाव घेतलं नव्हतं. त्याला घ्यावं लागलं नाही. माझ्या लेखी घड्याळ हत्याराऐवजी दागिना झालं ते इथे. मला हा बदल आवडत नाही, पण त्यावर व्हिलरे, ल लॉक्ल, बिएन या गावांतली चूल पुन्हा पेटली, हे विसरून चालणार नाही. जे कारखाने बंद पडले होते, तिथे पुन्हा मुलं चाकं घासायला शिकू लागली.

२०१५ साली तीन गोष्टी घडल्या. ‘स्पेक्टर’ हा बाँडपट आला आणि त्याच्या नावाने ओमेगाने ७,००७ घड्याळं काढली. जिनिव्हाच्या लिलावात रॉजर मूरच्या चुंबकवाल्या रोलेक्सला ३,६५,००० स्विस फ्रँक मिळाले. आणि एप्रिलमध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी, रोबेर मालुबिए वारला. त्याने कागदावर काढलेलं ते घड्याळ आजवर एकाही चित्रपटात बाँडच्या मनगटावर आलेलं नाही.